बसवून ठेवणं ही सेवा नव्हे

घरातल्या माणसाच्या अंगावरून वारं गेलं की पहिले आठ-दहा दिवस सगळं घर जिवाचं रान करतं. रातोरात गाडी काढून शहर गाठतात, दागिने गहाण पडतात, मुंबईचा भाऊ रजा टाकून येतो. माणूस वाचतो. डिस्चार्जच्या कागदावर अगदी खाली 'फिजिओथेरपी' असं लिहिलेलं असतं, तेवढं मात्र कोणी वाचत नाही. पेशंट घरी येतो, पुढच्या खोलीत खाट टाकली जाते आणि त्या दिवसापासून त्याचं चालणं संपतं. मेंदूतल्या गुठळीनं जेवढं नेलं नव्हतं तेवढं आपण नेतो. प्रेमापोटी नेतो, हे खरं आहे. म्हणूनच ते बोलून दाखवणं अवघड जातं आणि म्हणूनच ते बोललं पाहिजे.

"तुम्ही उठू नका, मी देते." "पडाल, बसून राहा." "आता कुठं जायचंय तुम्हाला?" ही वाक्यं ज्या घरात ऐकू येत नाहीत असं पक्षाघाताच्या पेशंटचं घर मला अजून भेटलेलं नाही. सुनेचं कौतुक होतं ते यासाठी की, तिनं सासऱ्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. मुलाचं कौतुक होतं ते यासाठी की, त्यानं वडिलांना खाली पाय टेकू दिला नाही. या कौतुकाखाली काय घडत असतं ते बघा. वापर नसलेला खांदा आखडतो. पोटरी आखडत जाते, टाच वर ओढली जाते आणि काही महिन्यांत घोटा असा ताठरतो की हातानंही वाकत नाही. मग मलावरोध, पाठीला जखमा, रात्रीची झोप उडणं, चिडचिड आणि शेवटी कोणाशी न बोलणं. यातलं पुष्कळसं पक्षाघाताचं नाही, खाटेचं आहे. डॉक्टरांनी उठायची परवानगी दिल्यानंतर ज्याला बसवून ठेवलं, त्याच्यावर आपण दुसरा आजार लादतो.

मला इथं बोलायचं आहे ते एका अगदी ठरावीक अडचणीबद्दल आणि तिच्यावर निघालेल्या एका साधनाबद्दल. कारण त्या साधनाकडे आपण कसं बघतो, त्यावरून पांगळ्या झालेल्या माणसाकडे आपण कसं बघतो ते स्पष्ट दिसतं.

पक्षाघातातून सावरताना पुष्कळांच्या मांडीत जोर परत येतो, गुडघा भार पेलू लागतो, पण पंजा उचलला जात नाही. पाऊल पुढे टाकताना बोटं जमिनीला घासतात. ती घासू नयेत म्हणून माणूस एका बाजूची कंबर वर ओढतो आणि पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणतो. उंबऱ्याला अंगठा ठेचकाळतो. चप्पल पायातून निसटते आणि मागे राहते. काही जणांना तर पायाची संवेदना कमी झाल्यामुळे ती निसटलेली कळतसुद्धा नाही, नातवंड मागून उचलून आणतं. अशा चालण्यात दमछाक फार होते, पडण्याची भीती कायम असते आणि माणूस हळूहळू आपणहून चालणं कमी करतो. डॉक्टरी भाषेत याला फूट ड्रॉप म्हणतात. पक्षाघाताखेरीज मल्टिपल स्क्लेरोसिस, सेरेब्रल पाल्सी, डोक्याला मार लागणं, मज्जारज्जूला अर्धवट इजा होणं यांतही हे दिसतं.

या साऱ्यांत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बिघाड वर असतो, मेंदूत किंवा मज्जारज्जूत. खाली पाय जिवंत असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोटानं चाचपलं तर एका बारीक हाडाचा उंचवटा लागतो. त्या हाडाच्या मानेला वळसा घालून पेरोनियल नावाची नस पुढे उतरते आणि पंजा वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवते. नस शाबूत, स्नायू शाबूत. फक्त मेंदूचा हुकूम तिथवर पोचत नाही. मग तो हुकूम गुडघ्यापासूनच दिला तर?

1961 साली अमेरिकेत व्लादिमीर लिबरसन या डॉक्टरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. अर्धांग झालेल्या पेशंटच्या बुटात टाचेखाली एक बटण बसवलं. टाच जमिनीवरून उचलली की अंगावर बाळगलेल्या पेटीतून नसेला विजेचे बारीक झटके जात आणि पंजा उचलला जाई; टाच टेकली की ते थांबत. पुढे युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियानामध्ये, इंग्लंडमध्ये सॉल्सबरीला, कॅनडात एडमंटनला या कल्पनेवर वर्षानुवर्षं काम झालं. पेटी लहान होत गेली. आज ती गुडघ्याखाली बांधायच्या पट्ट्यातच मावते. काही पट्ट्यांना टाचेखालचं बटणही लागत नाही. नडगी किती कलली यावरून पाऊल कधी उचललं जातंय ते पट्ट्यालाच समजतं. या उपायाला फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन म्हणतात, थोडक्यात एफईएस. साठ वर्षांहून जुनं हे ज्ञान आहे. आपल्या तालुक्याच्या गावात पक्षाघाताच्या दहा घरी जाऊन विचारा, असं काही असतं हे किती जणांच्या कानावर आलंय. दोष त्या घरांचा नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगितलेलं नाही.

माझ्या आत्याच्या पायाला हा पट्टा पहिल्यांदा बांधला तेव्हा मी शेजारी होतो. फिजिओथेरपिस्ट तरुण मुलगी होती. तिनं आत्याची नडगी ओल्या कापडानं पुसली, गुडघ्याखालचं ते हाड बोटानं शोधलं, त्याच्या जरा मागे एक चिकट चकती लावली आणि दुसरी खाली पुढच्या बाजूच्या स्नायूवर. मग हातातलं बटण अगदी सावकाश फिरवत ती विचारत राहिली, "आजी, मुंग्या येतात का? दुखतंय का?" आधी पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं. तिनं चकती अर्ध्या बोटानं सरकवली. आता ते आत वळलं. पुन्हा किंचित सरकवली आणि पंजा सरळ वर आला, बोटं छताकडे. तिनं लगेच पेनानं चकतीभोवती खूण केली, म्हणजे दुसऱ्या दिवशी शोधाशोध नको. आत्या आपल्या पावलाकडे बघतच राहिली होती. "मी न्हाई उचलला त्यो," ती म्हणाली. मुलगी म्हणाली, "आजी, पेटी फक्त इशारा देते. जोर तुमचाच आहे." मग आत्या भिंतीला धरून उभी राहिली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. कंबर वर न ओढता गेली. फरशीवर पाय घासल्याचा आवाज आला नाही, हे मला जाणवलं, कारण तो आवाज आमच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता.

पट्टा घेतला नाही. घरी चर्चा झाली. एक म्हणाला, पायाला वीज लावायची म्हणजे शॉक बसला तर? दुसरा म्हणाला, एवढे पैसे, या वयात, कशासाठी? तिसऱ्याचं म्हणणं, तिला कुठं ऑफिसला जायचंय? त्याच वर्षी त्या घरावर दुसरा मजला चढला. मी त्या नातलगांना वाईट म्हणणार नाही. त्यांनी आत्याच्या दवाखान्यासाठी कर्ज काढलं होतं. पण वाचवण्यासाठी कर्ज काढणारी माणसं चालवण्यासाठी पैसे काढत नाहीत, याचा अर्थ काय होतो? माणूस श्वास घेतोय एवढ्यावर आपलं कर्तव्य संपलं, असा होतो. आत्याला देवळात जायचं होतं. तिला शेताच्या बांधापर्यंत जायचं होतं, शेजारणीकडे जायचं होतं आणि सगळ्यात आधी, कोणाला हाक न मारता संडासला जायचं होतं. ऑफिसला जाणं हे एकच जाणं आहे, असं कोणी ठरवलं?

शॉकची भीती तर लगेच दूर करता येते. ही वीज घरातल्या प्लगची नव्हे. पेटी छोट्या बॅटरीवर चालते, प्रत्येक झटका सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागाइतका असतो आणि जाणवतात त्या झिणझिण्या. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, ज्यांना वारंवार फिट येतात, ज्या पायाच्या शिरेत गुठळी आहे किंवा चकती लावायच्या जागी जखम आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे लावू नये. बाकी त्रास म्हणजे चकतीखालची कातडी लाल होणं. कोकणातल्या घामात चकत्या लवकर सुटतात आणि त्या ठरावीक काळानं बदलाव्या लागतात. हा खर्च विकणाऱ्यानं आधीच सांगायला हवा.

खरा अडथळा भीतीचा नाहीच. तो दैववादाचा आहे. 'गेल्या जन्मीचं भोगतोय', 'साडेसाती आहे, ती संपली की उठेल', हे सुशिक्षित घरांत अजून सर्रास बोललं जातं. पारव्याचं रक्त चोळलं की लकवा उतरतो ही समजूत अजून मेलेली नाही. सुरुवातीचे ते मोलाचे आठवडे, ज्यांत शरीर सगळ्यात जास्त सावरू शकतं, ते पारवे शोधण्यात आणि धागेदोरे बांधण्यात जातात. रोगाला पापाचं फळ ठरवलं की मदत करणाऱ्याची जबाबदारी संपते, एवढाच त्या विचाराचा उपयोग आहे. मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडली ती रक्तदाबानं, साखरेनं, तंबाखूनं, हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांनी. एखाद्या म्हातारीनं कोणत्या जन्मी काय केलं होतं याच्याशी तिच्या पंजाचा काडीचाही संबंध नाही.

दैववादाची जागा आता बाजारही घेतो आहे. मोबाइलवर जाहिराती येतात: पाय ठेवायचं चपटं यंत्र, त्यावर पावलं ठेवून अर्धा तास बसा, नसा मोकळ्या होतील, लकवा बरा होईल. मुलं परदेशातून आईवडिलांना अशी यंत्रं पाठवतात. बसलेल्या माणसाच्या तळव्याला मुंग्या आणणारं यंत्र वेगळं आणि चालणाऱ्या माणसाचा पंजा नेमक्या क्षणी उचलणारं साधन वेगळं. एफईएसचा सगळा जीव वेळेत आहे: पाऊल उचलताना चालू, टेकताना बंद. वेळ साधली नाही तर चालण्याला त्याचा काही उपयोग नाही. दुखणं दाबण्यासाठी वापरतात त्या टेन्सच्या यंत्रानंही हे होत नाही. आणि तज्ज्ञानं तपासल्याशिवाय, चकतीची जागा शोधून दिल्याशिवाय घरपोच येणारा कुठलाही पट्टा घेऊ नये.

हे साधन कोणाला चालणार नाही तेही स्वच्छ सांगितलं पाहिजे, नाहीतर आपण एका अंधश्रद्धेच्या जागी दुसरी बसवू. ज्यांची नसच मेली आहे, त्यांना याचा उपयोग नाही. पोलिओनं पाय गेलेल्यांना नाही. कुष्ठरोगानं नस गेल्यामुळे पंजा पडलेल्यांना नाही. त्यांच्यासाठी पायाच्या मागच्या बाजूचा स्नायुबंध पुढे आणून बसवण्याची शस्त्रक्रिया आहे आणि ती आपल्या देशात फार वर्षांपासून होते. मणक्यातली चकती सरकून, गुडघ्याजवळ मार लागून किंवा मधुमेहानं नस निकामी झाली असेल तर तिथंही पट्टा लंगडा पडतो. घोटा पूर्ण ताठरला असेल तरी नाही. म्हणूनच वर म्हटलं, खाटेवर घालवलेले महिने महाग पडतात. ते पुढचे सगळे मार्ग बंद करतात.

आता स्प्लिंटबद्दल. प्लास्टिकचा, पोटरीमागून तळव्याखाली येणारा, बुटात घालायचा स्प्लिंट, ज्याला फिजिओथेरपिस्ट एएफओ म्हणतात. तो पंजा काटकोनात धरून ठेवतो. तो काही हजारांत होतो. आयात केलेला एफईएसचा पट्टा लाखांच्या घरात जातो. मग पट्टा जास्त चांगला का? 2013 साली अमेरिकेत पक्षाघाताच्या 197 पेशंटवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना स्प्लिंट, निम्म्यांना पट्टा. तीस आठवड्यांनी दोन्ही गटांचा चालण्याचा वेग सुधारला होता आणि दोहोंत फरक निघाला नाही. पट्टा वापरणारे मात्र जास्त समाधानी होते. पुढच्याच वर्षी 495 पेशंटच्या अभ्यासातही पट्टा स्प्लिंटपेक्षा कमी पडत नाही, असंच दिसलं. हे आकडे मी मुद्दाम देतो आहे. जो कोणी तुम्हाला सांगेल की लाखोंचा पट्टा घेतला नाही तर वडील कधीच चालणार नाहीत, तो खोटं बोलतो आहे. ज्या घराला पहिल्या महिन्यात साधा स्प्लिंट मिळाला नाही, त्या घराचा आधी तो हक्क आहे. स्प्लिंट सर्वांना, लगेच, विनासायास मिळाला पाहिजे.

पण एवढं म्हणून थांबता येत नाही, कारण ते अभ्यास बूट घालून जगणाऱ्या समाजात झाले. आपल्या घरांत बूट चालत नाहीत. स्प्लिंटला बूट लागतो. अनवाणी पायात तो गुळगुळीत फरशीवर घसरतो. म्हणजे आपला पेशंट दवाखान्यात जाताना स्प्लिंट घालतो आणि उंबऱ्याच्या आत आला की काढून ठेवतो. दिवसातला बहुतेक वेळ तो असतो उंबऱ्याच्या आत. तिथंच मोरीची पायरी आहे, तिथंच ओली फरशी आहे, तिथंच देवघर आहे जिथं कुठलंही पायताण चालणार नाही. शिवाय स्प्लिंटमध्ये घोटा वाकत नाही, त्यामुळे मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, जिना उतरणं अवघड जातं. नडगीच्या कलावरून चालणारा पट्टा अनवाणी पायावर चालतो, घोटा मोकळा ठेवतो, लुगड्याखाली किंवा पायजम्याखाली दिसतही नाही. देवळाला प्रदक्षिणा घालायची तर बूट बाहेर काढूनच घालायची असते. वारीत पायी जाण्याइतकं बळ नसेल, पण गावच्या देवळातल्या भजनाला जाऊन सतरंजीवर बसता आलं तर त्या माणसाचं आयुष्य बदलतं.

या देशात हा विचार एकदा झालेला आहे. परदेशी बनावटीच्या कृत्रिम पायाला बूट लागायचा, त्यावर उकिडवं बसता यायचं नाही, चिखलात जाता यायचं नाही. शेतकऱ्याला तो देऊन उपयोग काय, असा प्रश्न जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांना पडला आणि 1968 च्या सुमारास जयपूर फूट उभा राहिला. रबराचा, पावलासारखाच दिसणारा, अनवाणी चालता येईल असा. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी पेशंटला सांगितलं नाही की तू तुझं जगणं बदल. त्यांनी पाय बदलला. एफईएसच्या पट्ट्याबद्दल हा प्रश्न आपण अजून पुरेशा गांभीर्यानं विचारलेला नाही. त्याचं मूळ तंत्र गूढ नाही: मोजून दिलेले झटके, पाऊल ओळखणारा सेन्सर, दोन चकत्या. बायोमेडिकल शाखेच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं हे काम आहे. अवघड आहे ते घामात, धुळीत, भारनियमनात, म्हाताऱ्या थरथरत्या हातांनी बांधता येईल असा आणि परवडेल असा तो करणं, त्याची वैद्यकीय कसोटी पार पाडणं आणि गावोगाव त्याची दुरुस्ती करणारा माणूस उभा करणं. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर 1944 पासून जवानांना पाय देत आलं आहे. मुंबईत हाजीअलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. कानपूरला 1972 साली स्थापन झालेला, अपंगांची साधनं बनवणारा सरकारी कारखाना आहे. ज्या राज्यात आणि देशात हे उभं राहू शकतं तिथं पंजा उचलणारा पट्टा परदेशातूनच यावा, हे मला पटत नाही.

आणि बायकांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी अनेक घरं पाहिली आहेत जिथं नवऱ्याला अर्धांग झालं तर फिजिओथेरपिस्ट घरी येतो, कठड्याला दांडी बसते, बायको रोज हात धरून चालवते. बायकोला झालं तर सून किंवा मुलगी स्वयंपाक सांभाळते आणि बाई एका कोपऱ्यात जाते. ती स्वतःसुद्धा म्हणते, माझ्यासाठी कशाला खर्च. आयुष्यभर जिनं सगळ्यांना वाढून शेवटी खाल्लं, तिच्या तोंडून दुसरं काय निघणार? तिच्या या नकाराला आपण संमती समजतो. ते अत्यंत चुकीचं आहे. पट्टा बांधायला पाय गुडघ्यापर्यंत उघडा करावा लागतो, नडगीला परक्या माणसाचा हात लागतो, एवढ्यानं पुष्कळ बायका फिजिओथेरपीच्या खोलीतून परत जातात. तिथं बाई फिजिओथेरपिस्ट असणं, पडदा असणं, मुलीला आत बसू देणं या छोट्या गोष्टी आहेत आणि त्यांवर एका बाईचं चालणं अवलंबून असतं.

सरकारकडे मागताना हात पसरल्यासारखं मागायचं कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या करारावर भारतानं 2007 साली शिक्कामोर्तब केलं. त्याचं विसावं कलम चालण्या-फिरण्याच्या साधनांबद्दलच आहे आणि ती परवडणाऱ्या किमतीत मिळावीत असं ते सांगतं. 2016 चा अपंग हक्क कायदा पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकतो. तरीही आपल्या आरोग्य योजनांची सारी रचना भरती झालेल्या पेशंटभोवती आहे. मेंदूतली गुठळी काढण्याचं पॅकेज असतं. घरी गेल्यावर सहा महिने चालायला शिकवण्याचं नसतं. इंग्लंडमध्ये 2009 साली नाइस या सरकारी संस्थेनं मेंदूच्या वा मज्जारज्जूच्या विकारानं पडलेल्या पंजासाठी एफईएस वापरायला हरकत नाही, असा निर्वाळा दिला. सॉल्सबरीच्या सरकारी रुग्णालयात तर या तंत्राचं केंद्रच उभं राहिलं. तिथं पट्टा हातात देऊन मोकळं होत नाहीत. आधी पट्टा लावून आणि न लावता चालण्याचा वेग मोजतात, उपयोग होतोय असं दिसलं तरच देतात, पुन्हा पुन्हा बोलावून चकत्यांची जागा आणि झटक्याचा जोर तपासतात.

हाच मार्ग आपल्याकडे स्वस्तात नेता येईल. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा अपंग पुनर्वसन केंद्रात मोजके पट्टे असावेत, विकायला नव्हे, वापरायला द्यायला. पक्षाघाताचा पेशंट डिस्चार्ज होण्याआधी त्याचा पंजा तपासला जावा आणि स्प्लिंट तिथंच मिळावा. महिन्या-दोन महिन्यांनी त्याला दहा मीटर चालवून बघावं, एकदा स्प्लिंट घालून, एकदा अनवाणी पट्टा लावून. ज्याला फरक पडतो त्याला पट्टा घरी न्यायला द्यावा. काही जणांचं चालणं पट्टा काढल्यावरही थोडं सुधारलेलं राहतं. त्यांनी तो परत करावा, पुढच्याला मिळेल. ज्याला तो कायम लागणार आहे त्याला शासनानं किंवा आमदार-खासदार निधीतून तो घेऊन द्यावा. दरवर्षी अपंग मेळाव्यात व्यासपीठावरून तीनचाकी सायकली वाटल्या जातात, फोटो निघतात. सायकल ज्याला हवी त्याला जरूर द्या. पण जो चालू शकतो त्याच्या हाती केवळ वाटायला सोपी म्हणून सायकल देणं थांबवा.

पैसे कुठून येणार, असं विचारणारे असतील. ज्या गावांत देवळाच्या कळसासाठी घरटी वर्गणी महिन्याभरात जमते, ज्या सहकारी साखर कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या सभागृहांवर लाखो खर्च होतात, तिथं तालुक्याला दोन पट्टे आणि एक फिजिओथेरपिस्ट परवडत नाही हे मी मानायला तयार नाही. गणेशोत्सव मंडळांनी एक वर्ष मांडवाची उंची कमी करून हे करून पाहावं. दवाखान्यांनी डिस्चार्जच्या कागदावरची ती शेवटची ओळ मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहावी आणि पेशंटच्या मुलाला बसवून समजावून सांगावी. आणि घरच्यांनी उद्या सकाळी खाटेवरच्या माणसाला आधार देऊन उभं करावं, तो दारापर्यंत येईतो तांब्या त्याच्या हातात देऊ नये, आणि जवळच्या फिजिओथेरपिस्टला फोन करून विचारावं की याचा पंजा का उचलत नाही आणि त्यासाठी काय काय करता येईल.